चार बरण्यांचा प्रयोग

अमेरिकेत घरी बिअर करायला शिकणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: एका खेपेला एकच गोष्ट बदला. हॉप्स बदलायचे असतील तर यीस्ट तेच ठेवा, यीस्ट बदलायचं असेल तर हॉप्सना हात लावू नका, म्हणजे चवीतला फरक कशामुळे पडला ते नेमकं कळेल. सल्ला रास्त वाटतो. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातही असंच शिकवलेलं असतं, आणि पाण्यातले क्षार किंवा मॉल्टची भाजणी अशा बाबतींत तो बऱ्यापैकी उपयोगीही पडतो. पण हॉप्स आणि यीस्ट यांच्या बाबतीत हाच सल्ला चुकीच्या निष्कर्षाकडे नेतो, असं माझं म्हणणं आहे. ही दोन्ही एकमेकांवर प्रक्रिया करतात. हॉप्समधली द्रव्यं यीस्ट बदलून टाकतं, आणि यीस्टला खायला किती साखर मिळणार हे काही अंशी हॉप्स ठरवतात. जिथे दोन गोष्टींचा एकमेकींशी असा व्यवहार चालतो, तिथे एकीला स्थिर ठेवून दुसरीचा गुण मोजता येत नाही. दोन्ही एकत्र बदलूनच प्रयोग करावा लागतो, आणि तो स्वयंपाकघरात करणं वाटतं तेवढं अवघड नाही.

ज्यांनी बिअर कशी बनते हे कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. साहित्य चारच: पाणी, मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे मॉल्ट, हॉप्स आणि यीस्ट. भरडलेला मॉल्ट 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की दाण्यातली विकरं त्यातल्या स्टार्चची साखर करतात. हा गोड काढा गाळून घेतात, त्याला वॉर्ट म्हणतात. वॉर्ट तासभर उकळायचा, उकळताना हॉप्स घालायचे, गार झाल्यावर यीस्ट सोडायचं, आणि आंबणं पूर्ण थांबलं की बाटल्या भरायच्या. हॉप्स ही गांजाच्या कुळातली वेल आहे. बिअरसाठी मादी वेलीची बोंडं लागतात. बोंड अंगठ्याच्या पेराएवढं, हिरवं आणि कागदासारख्या पातळ पापुद्र्यांचं असतं. ते उभं चिरलं की मधल्या देठाजवळ, प्रत्येक पापुद्र्याच्या बुडाशी पिवळीजर्द भुकटी दिसते. बोटांत धरून चोळली तर ती चिकटते आणि वास हाताला बराच वेळ राहतो. या भुकटीला ल्युप्युलिन म्हणतात. कडूपणा देणारी आम्लं आणि सुगंधी तेलं दोन्ही इथेच असतात. बाकी बोंड म्हणजे बव्हंशी पाला. (घरात कुत्रा असेल तर वापरून झालेले हॉप्ससुद्धा त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. कुत्र्यांना ते विषारी आहेत.)

नवख्याला समजावताना हॉप्सना बिअरचा मसाला म्हणण्याची पद्धत आहे, आणि भांडं चुलीवर असेपर्यंत ती तुलना ठीक चालते. हॉप्समधली अल्फा आम्लं मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. उकळीच्या उष्णतेने त्यांच्या रेणूंची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि कडूपणा उतरतो. तासभर उकळूनही त्यांतला साधारण चौथा ते तिसरा हिस्साच वॉर्टमध्ये येतो. सुगंधी तेलांचं याच्या उलट होतं. ती वाफेबरोबर उडून जातात, म्हणून सुगंध हवा असेल तर हॉप्स शेवटच्या काही मिनिटांत घालायचे, किंवा थेट आंबवण्याच्या भांड्यात, थंड वॉर्टमध्ये टाकायचे. या दुसऱ्या पद्धतीला ड्राय हॉपिंग म्हणतात. मसाल्याची तुलना इथेच संपते. भांडं उतरवल्यावर आमटीतल्या मसाल्यावर कोणी काम करत नाही. वीस लिटर वॉर्टमध्ये मात्र आपण सुमारे 18 हजार कोटी जिवंत पेशी सोडलेल्या असतात, आणि हॉप्समधून आलेला प्रत्येक रेणू त्यांच्या संपर्कात येतो. कडू आम्लांचा काही भाग पेशींच्या भिंतींना चिकटतो आणि त्यांच्याबरोबर तळाशी बसतो. म्हणून तोच वॉर्ट दोन निराळ्या यीस्टनी आंबवला तर कडूपणाही थोडा निराळा भरतो. हे तर नुसतं चिकटणं झालं. खरी उलथापालथ सुगंधात होते.

यीस्टचं हे महत्त्व उशिरा कळलं. बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्याच गोष्टींचा उल्लेख होता. लुई पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक 1876 मध्ये आलं, आणि 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. तेव्हापासून यीस्ट निवडता येऊ लागलं. आज घरी बिअर करणाऱ्याला दुकानात डझनावारी वाण मिळतात: केळ्याचा वास देणारे, लवंगेचा वास देणारे आणि जवळजवळ काहीच वास न देणारे. या शेवटच्यांना 'स्वच्छ' किंवा 'तटस्थ' म्हणतात. ही तटस्थता निसर्गाने दिलेली नाही, माणसाने निवडीतून घडवलेली आहे. 2016 मध्ये 'सेल' या नियतकालिकात 157 औद्योगिक यीस्ट वाणांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. लवंगेसारखा वास निर्माण करणारी जनुकं बिअरच्या बऱ्याच वाणांत निकामी झालेली त्यात आढळली. बिअर करणाऱ्यांना तो वास नको होता. ज्या खेपेत तो कमी आला तिचाच गाळ पुढच्या खेपेला विरजणासारखा वापरला गेला, आणि शतकानुशतकं हे होत राहिल्याने जनुकं निकामी झालेले वाणच उरले. तेव्हा तटस्थ यीस्ट म्हणजे हॉप्स जसेच्या तसे दाखवणारी काच, ही समजूत सोडून द्यायला हवी. त्यालाही इतिहास आहे, आणि तेही हॉप्सवर काम करतंच.

हे काम नेमकं काय असतं याचा पहिला स्पष्ट पुरावा 2000 च्या सुमारास आला. किंग आणि डिकिन्सन या संशोधकांनी हॉप्समध्ये सापडणारी सुगंधी अल्कोहोलं यीस्टबरोबर ठेवून पाहिली. गुलाबाची आठवण करून देणाऱ्या जेरानिऑलचं यीस्टने लिंबाच्या वळणाच्या सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर केलं. काही द्रव्यं एकमेकांत अदलाबदल झाली, काहींचे एस्टर बनले. पुढे जपानच्या सप्पोरो कंपनीतल्या संशोधकांनी प्रत्यक्ष बिअरमध्ये हे तपासलं. जेरानिऑल भरपूर असलेले हॉप्स घेतले तर आंबवताना सिट्रोनेलॉल तयार होतं, आणि लिनॅलूल (हॉप्समधलंच आणखी एक सुगंधी अल्कोहोल), जेरानिऑल व सिट्रोनेलॉल तिन्ही एकत्र आली की त्यांचा वास सुटासुटा जाणवेल त्याहून उठावदार, लिंबू-संत्र्याकडे झुकणारा होतो. घरगुती प्रयोगांच्या दृष्टीने मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. बाटली उघडल्यावर जो वास येतो, तो हॉप्सच्या पाकिटात त्या रूपात नसतोच. त्याचा कच्चा माल पाकिटात असतो, तो घडतो यीस्टच्या हाताखाली, आणि किती घडेल हे वाणावर, तापमानावर आणि हॉप्स कोणत्या दिवशी पडले यावर ठरतं.

थायॉल या गंधकयुक्त द्रव्यांची गोष्ट याहून पुढची आहे. ग्रेपफ्रूट, पॅशनफ्रूट, ब्लॅककरंट असे जे वास नव्या धाटणीच्या बिअरमध्ये येतात त्यांत थायॉलचा मोठा वाटा असतो. ती इतकी तीव्र असतात की एका लिटरात एका ग्रॅमचे काही अब्जांश एवढी असली तरी नाकाला कळतात. पण हॉप्समध्ये, आणि मॉल्टमध्येही, बरीचशी थायॉल अमिनो आम्लांशी बांधलेली असतात. बांधलेल्या थायॉलला वास नसतो. ती गाठ सोडवायची तर यीस्टकडे तसं विकर असावं लागतं. ते तयार करणारं एक महत्त्वाचं जनुक म्हणजे आयआरसी-7, आणि ते बिअरच्या पुष्कळ वाणांत तुटक्या अवस्थेत आहे. याचा परिणाम नीट पाहा. कॅस्केड जातीच्या हॉप्समध्ये बांधलेली थायॉल विपुल असतात. ज्या यीस्टला गाठ सोडवता येत नाही त्याच्यासाठी हा साठा असून नसल्यासारखा. गाठ सोडवणारं यीस्ट वापरलं तर त्याच कॅस्केडमधून निराळंच फळ बाहेर येऊ शकतं. अशा वेळी कॅस्केडचा वास कसा असतो, या प्रश्नाला एक उत्तर देता येत नाही. कोणत्या यीस्टबरोबर, हे आधी विचारावं लागतं.

उलट दिशेचा परिणामही तितकाच खरा आहे, आणि तो ध्यानात न घेणाऱ्याला इजा होऊ शकते. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनज्ञांनी 1893 मध्येच नोंदवलं होतं की पिंपातल्या तयार बिअरमध्ये सुके हॉप्स टाकले की ती पुन्हा आंबू लागते. सुक्या हॉप्समध्ये स्टार्चचे तुकडे फोडणारी विकरं असतात, असं त्यांनी दाखवलं. ते काम पुढे जवळपास विसरलं गेलं. भरपूर ड्राय हॉपिंग केलेल्या बिअर गेल्या दहा-पंधरा वर्षांत लोकप्रिय झाल्या तेव्हा बाटल्या आणि डबे फुगू लागले, आणि ओरेगॉन स्टेट विद्यापीठात या विषयाचा नव्याने अभ्यास झाला. घडतं ते असं. यीस्ट आपल्याला पचणारी सगळी साखर संपवून स्वस्थ बसलेलं असतं. न पचणाऱ्या लांब साखळ्या, म्हणजे डेक्स्ट्रिन, बिअरमध्ये उरलेल्या असतात आणि त्यांच्यामुळेच तिला अंग येतं. हॉप्समधली विकरं या साखळ्या तोडतात, यीस्टला नवी साखर मिळते, ते पुन्हा कामाला लागतं. बिअर पातळ होते, अल्कोहोल वाढतं, आणि कधी कधी लोण्यासारखा वास देणारं डायअॅसिटिलही. घरी बाटलीत फेस यावा म्हणून लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालतात. एक ग्रॅम साखरेपासून जवळजवळ अर्धा ग्रॅम कार्बन डायॉक्साइड तयार होतो. हॉप्सनी आणखी पाच-सहा ग्रॅम साखर मोकळी केली तर बाटलीत नव्याने तयार होणारा वायू दुपटीच्या जवळ जातो, आणि साधी काच तेवढा दाब सहन करेलच असं नाही. म्हणून ड्राय हॉपिंगनंतर घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचं माप काही दिवसांच्या अंतराने दोनदा-तीनदा सारखं आल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. इथेही जोडीचाच प्रश्न येतो. कोणतं यीस्ट ही नवी साखर किती चटकन खातं, तळाशी बसलेलं आहे की तरंगतंय, यावर धोका ठरतो.

मग प्रत्येक जातीच्या हॉप्सचं जे ठरावीक वर्णन छापलेलं असतं ते आलं कुठून? कॅस्केडचंच उदाहरण घेऊ. ओरेगॉनमधल्या कॉर्व्हॅलिस इथे अमेरिकी कृषी खात्याच्या पैदास कार्यक्रमात 1956 मध्ये गोळा केलेल्या बियांपासून ही जात वाढवली गेली आणि 1972 मध्ये ती शेतकऱ्यांना दिली. तिला नाव मिळवून दिलं ते कॅलिफोर्नियातल्या लहान ब्रुअरींनी. केन ग्रॉसमन चिको या गावात घरगुती बिअरच्या साहित्याचं दुकान चालवत होते. त्यांच्या सिएरा नेव्हाडा ब्रुअरीत 1980 पासून कॅस्केडवर आधारलेली पेल एल ही बिअर निघू लागली, आणि तिचं तटस्थ यीस्ट गावाच्या नावावरून 'चिको' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ग्रेपफ्रूट आणि फुलं हे कॅस्केडचं वर्णन बऱ्याच अंशी या जोडीत रूढ झालं. ते खोटं नाही, पण ते एका जोडीचं वर्णन आहे आणि सरसकट एका वनस्पतीच्या नावावर छापलं जातं. पाकिटावरचे शब्द वाचून हॉप्स निवडणारा आणि पत्रकावरचे शब्द वाचून यीस्ट निवडणारा माणूस दोन निरनिराळ्या परिस्थितींतली वर्णनं बेरजेला घेतो.

ही बेरीज कशी फसते ते आकड्यांत पाहता येतं. समजा फळांच्या वासाला दहापैकी गुण द्यायचे आहेत. तटस्थ यीस्ट आणि कॅस्केड या जोडीला 4 मिळाले. फक्त हॉप्स बदलून सिट्रा या जातीचे घातले, 7 झाले. पुन्हा कॅस्केडवर येऊन फक्त यीस्ट बदललं, गाठ सोडवणारं घेतलं, तरीही 7 झाले. एका वेळी एक गोष्ट बदलणारा इथे थांबतो आणि हिशोब करतो: हॉप्समुळे 3 वाढले, यीस्टमुळे 3 वाढले, दोन्ही बदलले तर 10 मिळतील. तो ती खेप करतो आणि येतात 8, कारण सिट्रामध्ये मोकळी थायॉल आधीच भरपूर असतात. हे गुण मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण अशी गफलत कोणालाही होऊ शकते. त्याच्या हातून सर्वांत उपयोगी गोष्टही निसटली: कॅस्केडसारख्या तुलनेने स्वस्त हॉप्सना योग्य यीस्ट दिलं की महाग हॉप्स घालून एकाच गुणाची भर पडते. ही माहिती चौथ्या खेपेत होती आणि ती चारही खेपा शेजारी ठेवल्यावरच दिसते. शेतीच्या प्रयोगांत रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात हाच आग्रह धरला होता. खत, बियाणं आणि पेरणीची वेळ एकमेकांवर परिणाम करत असतील तर त्या एकाच वेळी, सगळ्या जोड्या पाडून तपासाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वयंपाकघरात हे असं जमतं: वीस लिटर वॉर्ट एकदाच उकळावा, पाच-पाच लिटर निर्जंतुक केलेल्या चार बरण्यांत ओतावा, दोन बरण्यांत एक यीस्ट, दोन बरण्यांत दुसरं, आणि प्रत्येक यीस्टच्या एका बरणीत एका जातीचे हॉप्स, दुसरीत दुसऱ्या. मॉल्ट, पाणी, उकळी, खोलीचं तापमान आपोआप समान राहतं. हॉप्स चारही बरण्यांत तितक्याच ग्रॅमांचे आणि आंबण्याच्या एकाच टप्प्यावर घालायचे. खळखळून आंबत असताना घातले तर यीस्टला बदल करायला संधी जास्त मिळते, पण सुटणारा वायू काही सुगंध बरोबर घेऊन जातो. आंबणं सरल्यावर घातले तर सुगंध टिकतो, बदल कमी होतो. म्हणून टप्पा हाही एक स्वतंत्र प्रश्न आहे, आणि तो पुढच्या फेरीसाठी राखून ठेवलेला बरा.

यावर पहिला आक्षेप जिभेबद्दल असतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. चार बरण्या आणि घरातली पाच-सात माणसं, त्यांच्या मतावरून काय सिद्ध होणार? बिअर ज्याने केली त्याला तर फरक जाणवणारच, कारण तो त्याला हवा असतो. पण थोड्या नमुन्यांवरून काय म्हणता येतं हा प्रश्न शास्त्राने मुळात सोडवला तोच बिअरच्या कारखान्यात. विल्यम सीली गॉसेट 1899 मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत लागले. बार्ली आणि हॉप्सच्या चाचण्यांत हाताशी थोडेच नमुने असत. त्या अडचणीतून त्यांनी काढलेली पद्धत 'स्टुडंट' या टोपणनावाने 1908 मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज ती जगभर शिकवली जाते. चवीसाठीही साधी कसोटी आहे, तिला त्रिकोणी चाचणी म्हणतात. तीन सारखे, शक्यतो रंगीत पेले घ्यायचे, दोहोंत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा कोणता ते ओळखायला सांगायचं. नुसत्या अंदाजाने तिघांपैकी एकाचं उत्तर बरोबर येईल. आठ जण चाखत असतील तर किमान सहा जणांनी ओळखायला हवं; पाचांनी ओळखलं तर तो योगायोगही असू शकतो. कोणत्या पेल्यात काय भरलं हे चाखणाऱ्याला दिसू नये, क्रम प्रत्येकाला निराळा द्यावा. या कसोटीत पुष्कळ आवडते फरक टिकत नाहीत. जे टिकतात त्यांच्यावर मात्र विसंबून राहता येतं, आणि तज्ज्ञाच्या एका प्रशस्तीपेक्षा मी या आठ जणांच्या निकालाला जास्त किंमत देईन.

दुसरा आक्षेप परंपरेचा. कोणते हॉप्स कोणत्या यीस्टला शोभतात हे शतकांच्या अनुभवाने ठरलेलं आहे, मग नव्याने जोड्या कशाला पाडायच्या? झाटेट्सचे साझ हॉप्स आणि लागर यीस्ट, केंटचे गोल्डिंग्ज आणि इंग्रजी एल यीस्ट, या जोड्या खरोखर सुंदर आहेत. पण त्या जुळल्या त्यात भूगोलाचा मोठा हात होता. योझेफ ग्रोलने 1842 मध्ये पिल्झेनला पहिली सोनेरी लागर केली तेव्हा त्याने साझ हॉप्स घेतले, कारण ते त्याच मुलुखातले. नॉर्वेच्या पश्चिम भागातलं क्वाइक हे यीस्ट घ्या. शेतकरी कुटुंबांनी ते लाकडाच्या कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपलं. 35 ते 40 अंश सेल्सिअसलाही ते स्वच्छ आंबवतं, जिथे बहुतेक एल यीस्ट बिघडून जातात. तिथल्या घरगुती बिअरमध्ये ज्युनिपरच्या फांद्यांचा वापर ठळक असे. अमेरिकी हॉप्सशी क्वाइकची गाठ पडली ती गेल्या दशकात. नॉर्वेजियन अभ्यासक लार्स मारियस गार्शोल यांनी त्याबद्दल लिहिलं आणि घरी बिअर करणाऱ्यांनी त्याचे नमुने मिळवून फळांच्या वासाच्या हॉप्सबरोबर लावून पाहिले. परंपरेला ही जोडी सुचणं शक्यच नव्हतं, दोघांमध्ये महासागर होता. मोठा कारखाना असा प्रयोग सहज करत नाही, कारण नवं यीस्ट आवारात आणलं की जुन्यात मिसळण्याचा धोका असतो. पाच लिटरच्या बरणीत हा धोका पत्करता येतो, म्हणून हे काम घरगुती हातांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरा आक्षेप नवा आहे. 2018 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या चमूने पुदिना आणि तुळशीच्या कुळातल्या बेझिलची जनुकं ब्रुअरीच्या यीस्टमध्ये घालून त्याच्याकडूनच लिनॅलूल आणि जेरानिऑल बनवून घेतलं. चाखणाऱ्यांना ती बिअर हॉप्सच्या वासात नेहमीच्या ड्राय हॉपिंग केलेल्या बिअरपेक्षा सरस वाटली. मग हॉप्सच कशाला, आणि जोडीचा खटाटोप कशाला? हॉप्सच्या पिकाला लागणारं पाणी लक्षात घेतलं तर त्या संशोधनाचा हेतू मला पटतो. पण त्यातून जोडीचा प्रश्न सुटलेला नाही. हॉप्सच्या तेलात शेकडो द्रव्यं असतात, त्यांतली दोनच इथे आली. कडूपणा, फेसाला मिळणारी मजबुती आणि काही जीवाणूंना रोखण्याचा गुण आम्लांकडून येतो, तेलांकडून नाही. शिवाय त्या चमूलाही या दोन द्रव्यांचं प्रमाण जुळवण्यासाठी बरेच वाण घडवून पाहावे लागले, म्हणजे त्यांचं कामही अखेर एकत्र बदलून तपासण्याचंच होतं. गाठ सोडवणारे सुधारित वाण आता अमेरिकेत विक्रीलाही आहेत आणि त्यांच्यामुळे चार बरण्यांची गरज उलट वाढते. एखादं यीस्ट थायॉल भरमसाट मोकळी करत असेल तर जे हॉप्स कालपर्यंत छान लागत होते तेच आज घामट वाटू शकतात.

कायद्याचा मुद्दा महाराष्ट्रातल्या वाचकासाठी स्पष्ट सांगायला हवा. अमेरिकेत 1933 मध्ये दारूबंदी उठली, तरी घरी बिअर करणं बेकायदाच राहिलं. जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर 1978 मध्ये सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाच्या घराला वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटरची मुभा मिळाली. मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं 2013 पर्यंत अडून होती. ब्रिटनमध्ये परवान्याची अट 1963 मध्ये गेली. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते पाच लिटर का असेना. तेव्हा हा प्रयोग मराठी माणसाने करायचा तर अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा जिथे मुभा आहे तिथे, नाहीतर परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत. पुण्यात 2009 मध्ये डूलाली या ब्रुअरीपासून मायक्रोब्रुअरी सुरू झाल्या आणि आता मुंबई-पुण्यात त्यांची संख्या बरीच आहे. त्यांना हॉप्स बहुतेक आयातच करावे लागतात. उन्हाळ्याचे लांब दिवस आणि कडक थंडी या वेलीला लागते, भारतात ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात होते, आपल्याकडे रुजत नाही. आयात केलेल्या प्रत्येक किलोला पैसे मोजणाऱ्या ब्रुअरीने मोठ्या टाकीतला वीस लिटर वॉर्ट चार बरण्यांत काढून ठेवणं हा अगदी थोडा खर्च आहे. पहिल्या फेरीसाठी मी क्वाइक आणि एक नेहमीचं तटस्थ एल यीस्ट घेईन, हॉप्समध्ये कॅस्केड आणि सिट्रा. क्वाइकच्या दोन बरण्या 35 अंशांना आणि तटस्थच्या 20 अंशांना ठेवाव्या लागतील, म्हणजे तापमानाचा फरक यीस्टच्या फरकात मिसळेल. तो वेगळा काढायचा असेल तर क्वाइकची आणखी एक जोडी 20 अंशांना लावावी, आणि बरण्या सहा कराव्यात.